वाचकांचे फोटोप्रश्न: कुस्तीचा फड आणि ग्रहणाचं ऊन

या वेळी पत्रं बरीच आली, त्यातली चार निवडलीत. दोन कुस्तीची, दोन ग्रहणाची. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय कारण तो विषय माझ्या फार जवळचा आहे, आजोळी यात्रेला गेल्यावर आजोबा खांद्यावर बसवून कुस्त्या दाखवायचे तेव्हापासूनचा.

प्रश्न: सर नमस्कार, मी सातपूरला कंपनीत कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरतो. किट लेन्स आणि ५५-२५० झूम एवढंच सामान आहे. मामाच्या गावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल होती, चार तास उभा राहून आठशे फोटो काढले, घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितले तर निम्मे हललेले, बाकीच्यात पंचाची पाठ नाहीतर कुणाचा तरी फेटा. पैलवान चितपट झाला तो क्षण एकाही फोटोत नाही. लेन्स बदलावी लागेल का?

उत्तर: लेन्स राहू द्या, आहे तीच भरपूर आहे. जागा आणि वेळ बदला.

आधी वेळेचं बोलतो. आपल्याकडची यात्रेची दंगल दुपारी तीन-चारला सुरू होते, पहिल्यांदा बारकी पोरं रेवड्या-नारळावर लढतात, मग इनामाचा आकडा वाढत जातो आणि शेवटची मानाची कुस्ती लागेपर्यंत सूर्य मावळायला आलेला असतो. म्हणजे सगळ्यात भारी जोड लागते तेव्हाच उजेड सगळ्यात कमी. तुम्ही दुपारी जी सेटिंग लावली तीच शेवटपर्यंत ठेवली असणार, म्हणून हललेत फोटो. दुपारच्या उन्हात शटर १/१००० सेकंदावर ठेवा, आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेड किती उचलतो तो आकडा, ४०० पुष्कळ झाला. पाच वाजल्यापासून दर दोन कुस्त्यांनी एकदा स्क्रीनवर झूम करून बघा आणि आयएसओ बिनधास्त वाढवत न्या, ३२००, ६४०० काय लागेल ते, पण शटर १/५०० च्या खाली आणू नका. फोटोत दाणे आले तर चालतं, मातीच्या कुस्तीत ते शोभूनही दिसतात, पण हललेला चेहरा कशानेच दुरुस्त होत नाही. पुढेमागे जमलं तर ५० एमएमची एफ १.८ वाली लेन्स घ्या, ती बऱ्यापैकी स्वस्तात मिळते आणि फडाच्या कडेला बसायला मिळालं तर तेवढी पुरते.

बसायला म्हणालो, उभं राहायला नाही. तुम्ही उभे होता म्हणून पंचाची पाठ आली. पंचाला पैलवानांच्या भोवती फिरावंच लागतं, तो तुमच्यासाठी बाजूला होणार नाही आणि त्याने व्हायलाही नको. खाली मांडी घालून बसलात तर पंचाच्या पायांमधूनसुद्धा फ्रेम मिळते, मागच्या लोकांनाही दिसतं, ते तुम्हाला बसा बसा म्हणून ओरडत नाहीत. आधी यात्रा कमिटीतल्या कुणाला तरी भेटून विचारा, नारळ फोडतात तेव्हाच गेलात तर जागा मिळते. आणि मातीत चप्पल-बूट घालून पाय टाकायचा नाही, ती माती ताक, लिंबू, हळद, तेल घालून मळलेली असते, पैलवान आधी तिच्या पाया पडतो आणि मग उतरतो.

दुपारी पश्चिमेच्या अंगाला बसा, ऊन तुमच्या पाठीवर आणि पैलवानाच्या तोंडावर. साडेपाचनंतर उठून समोर पूर्वेच्या अंगाला जा, आता सूर्य पैलवानांच्या मागे आला, शड्डू ठोकला की अंगावरची माती उडते आणि त्या धुळीत उजेड अडकतो, असा फोटो दिवसातल्या दुसऱ्या कुठल्याच वेळेला मिळत नाही. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स मात्र बंद करा, तांबड्या मातीने आणि तेवढ्याच तांबड्या अंगांनी तो गोंधळतो आणि सगळं निळसर फिकं करून टाकतो, डेलाइटवर टाकून ठेवा.

आता चितपट झालेला क्षण. तो मिळाला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पाठ लागते तेव्हा वरचा पैलवान खालच्याला झाकून टाकतो, तुम्हाला दिसतो तो एक लंगोट आणि चार पाय. कुस्ती खरी दिसते ती त्याच्या आधी, पकडीत. खडाखडी चालू असते, दोघांचे हात एकमेकांच्या मानेवर, कपाळाला कपाळ, मातीने भरलेली बोटं दंडात रुतलेली, ते मोडून मोडून गड्डे झालेले कान. तिथे चेहरे दिसतात. आणि तिथेच पुढचा डावही कळतो, समोरच्याच्या पायाकडे नजर गेली आणि गुडघा थोडा वाकला की पट काढणार, म्हणजे पायाला हात घालणार, मनगट धरून अंग आत वळवायला लागला की ढाक हा डाव येणार. तुम्हाला डाव ओळखता येत नसतील तर कान उघडे ठेवा, कडेला बसलेला वस्ताद ओरडून सांगत असतो, हलगीवाला चाल वाढवतो, आणि मागची माणसं उठायला लागतात. ती उठायला लागली की बटण दाबा, उठून झाल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो. बर्स्ट (बटण दाबून ठेवून सलग फोटो) एकसारखा सोडू नका, तीन-चार फ्रेमची छोटी टिचकी द्या, नाहीतर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि ऐन वेळी कॅमेरा गप्प बसतो. फोकस सतत बदलणाऱ्या मोडवर, कॅननला त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉनला एएफ-सी.

निकाल लागल्यावर कॅमेरा खाली घेऊ नका हेही सांगतो. २०२० च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची फायनल झाली, नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला हरवून गदा घेतली. दोघं एकाच वस्तादाचे, काका पवारांचे पठ्ठे. जिंकल्या जिंकल्या हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो महाराष्ट्रभर फिरला, डावाचे फोटो किती जणांना आठवतात मला माहीत नाही, तो मात्र लोकांना अजून आठवतो.

मॅटवरच्या स्पर्धेला हॉलमध्ये गेलात तर एक वेगळी अडचण येते, आपली वीज ५० हर्ट्झची त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि फास्ट शटरला एक फोटो उजळ एक काळपट असं येतं. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा.

प्रश्न: २५ ऑक्टोबर २०२२ च्या ग्रहणाला मी गंगापूर रोडला आमच्या गच्चीवरून फोटो काढले. लेन्सपुढे एक्स-रेची फिल्म धरली होती. सूर्य टाचणीच्या डोक्याएवढा आला, कडा पुसट. पुढचं ग्रहण २०२७ ला आहे म्हणतात, त्यासाठी आत्तापासून काय तयारी करू?

उत्तर: फोटोचं नंतर बघू. तुम्ही त्या फिल्ममधून व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बघितलं का? बघितलं असेल आणि तेव्हापासून नजरेच्या मधोमध डाग वाटत असेल, सरळ रेघ वाकडी दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन या. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखण्याची जाणीव नसते, जळतो तेव्हा काहीच कळत नाही. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, एकावर एक गॉगल, फोटोग्राफीचे साधे एनडी फिल्टर, यांनी उजेड कमी झाल्यासारखा वाटतो पण इन्फ्रारेड आत येतच राहतो. ग्रहणाचे चष्मे आयएसओ १२३१२-२ या मानकाचे (कॅमेऱ्यातला आयएसओ वेगळा) असतात ते नुसत्या डोळ्यांनी बघायला, ते घालून कॅमेऱ्यातून किंवा दुर्बिणीतून बघायचं नाही, लेन्स ऊन एका जागी गोळा करते आणि चष्मा जाळते. लेन्ससाठी सोलर फिल्म वेगळी मिळते, ती लेन्सच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवायची, वाऱ्याने उडाली नाही पाहिजे. वापरायच्या आधी बल्बसमोर धरून भोक किंवा चरा नाही ना ते बघा.

सूर्य टाचणीएवढा का आला त्याचं गणित सोपं आहे. फोकल लेंथला साधारण ११० ने भागा, सेन्सरवर सूर्य तेवढे मिलिमीटर येतो. २५० एमएमला सव्वादोन मिलिमीटर, आणि तुमच्या सेन्सरची उंची १५ मिलिमीटर. म्हणजे फ्रेमच्या उंचीच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. किट लेन्सच्या ५५ ला तर अर्धा मिलिमीटर. पुसट कडा फिल्ममुळे आल्या आणि ऑटोफोकसमुळे, सूर्याच्या कडेवर मॅन्युअल फोकस करा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून. ट्रायपॉडवर असाल तर स्टॅबिलायझर बंद. पाच डेन्सिटीची (उजेड लाखपट कमी करणारी) सोलर फिल्म असेल तर आयएसओ १००, एफ ८, १/५०० पासून सुरुवात करा आणि दोन्हीकडे खालीवर करून बघा. हे सगळं ग्रहणाच्या दिवशी शिकायला जाऊ नका, सूर्य रोज असतो, कुठल्याही रविवारी सराव होतो.

पण मला वाटतं २०२२ ला तुमच्या हातून निसटलं ते दुसरंच. ते ग्रहण दिवाळीत आलं होतं, लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मधल्या भाकड दिवशी, पावणेपाचच्या सुमाराला लागलं आणि सहाच्या आसपास सूर्य ग्रहणातच मावळला, ग्रस्तास्त. सूर्याचा साधारण पाव भाग गेलेला. ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला उतरतो, नाशिकमधून ती बाजू बरोबर अंजनेरी-त्र्यंबकच्या डोंगरांची. चावा घेतलेला सूर्य त्या डोंगरांवर टेकतोय असा फोटो फक्त आपल्याच शहरातून निघतो, काळ्या पार्श्वभूमीवरची केशरी चकती मात्र जगात कुणाचीही सारखीच येते. अशा वेळी खालचा डोंगर दिसायला लोक फिल्टर काढतात, तेव्हाही डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचा नाही, स्क्रीनवरच बघायचं आणि दोन फ्रेम घेऊन लेन्स लगेच बाजूला वळवायची.

२ ऑगस्ट २०२७ चं सांगतो. खग्रास पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका, सौदी, येमेन असा जातो, इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त वेळ सूर्य पूर्ण झाकलेला असेल. आपल्याकडे दुपार उतरताना खंडग्रास, तेही थोडंसंच. आणि ऑगस्टचं नाशिक, म्हणजे ढग. २१ जून २०२० च्या ग्रहणालाही तीच भीती होती. म्हणून नुसत्या सूर्यावर विसंबू नका, खाली बघायची सवय लावा. २६ डिसेंबर २०१९ ला दक्षिणेत कंकणाकृती होतं आणि आपल्याकडे सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान खंडग्रास, तेव्हा मी सोलर फिल्म लावून तासभर सूर्यामागे होतो, तेवढ्यात शेजारच्या काकू चाळणी घेऊन अंगणात आल्या. पांढऱ्या भिंतीवर चाळणीच्या प्रत्येक भोकातून एक एक कोर, शेकडो कोरी, आणि त्यांची नात त्या बोटाने मोजत होती. झाडाच्या पानांमधल्या फटीही असंच करतात, प्रत्येक फट म्हणजे एक पिनहोल कॅमेरा. सूर्य खाली असेल तर जमिनीवर त्या कोरी ताणल्यासारख्या पडतात, भिंतीवर नीट येतात. त्या दिवशीचे सूर्याचे माझे दीडशे फोटो कुठल्या तरी हार्ड डिस्कमध्ये आहेत, चाळणीवाला एकच भिंतीवर लावलाय.

प्रश्न: आई म्हणते ग्रहणात बाहेर पडायचं नाही, काही खायचं नाही. मला रामकुंडावर जाऊन फोटो काढायचेत. काय करू? (बारावीत आहे.)

उत्तर: आईशी भांडून जाऊ नकोस. ग्रहणात बाहेर उभं राहिल्याने किंवा खाल्ल्याने काही होत नाही, चंद्राची सावली आहे ती, धोका फक्त सूर्याकडे थेट बघण्यात आहे आणि तो रोजच असतो. हे आईला चष्मा दाखवून शांतपणे सांग, जमलं तर तिलाच सोबत ने. रामकुंडावर ग्रहण सुटल्यावर लोक स्नानाला येतात, ती त्यांची श्रद्धा आहे आणि ते ओले असतात, तेव्हा आंघोळ करणाऱ्यांच्या तोंडासमोर लेन्स नको. काठावरची गर्दी, मंत्र म्हणणारे आजोबा, मंदिराचं दार उघडायची वाट बघणाऱ्या बाया, भरपूर आहे तिथे. जवळून घ्यायचा असेल तर विचार, नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. चंद्रग्रहणाला तर फिल्टरही लागत नाही, तिथून सुरुवात केलीस तरी चालेल.

प्रश्न: माझी धाकटी बहीण तालमीत जाते, तेरा वर्षांची आहे. एका दंगलीत ती हरली तेव्हाचा रडतानाचा फोटो कुणीतरी काढून ग्रुपवर टाकला. फोटो चांगला होता असं सगळे म्हणतात, ती मात्र पंधरा दिवस तालमीत गेली नाही. आम्ही चुकीचं मनावर घेतोय का?

उत्तर: नाही ताई, अजिबात नाही. फोटो कितीही चांगला असू दे, लहान मुलीचा तसा फोटो घरच्यांना न विचारता टाकायचा नाही. ज्याने टाकला त्याला भेटून काढायला सांगा, वस्तादांनाही कानावर घाला, तालमीतल्या पोरींची जबाबदारी त्यांचीही आहे. आजकाल यात्रांमध्ये मुलींच्या जोडी लागायला लागल्यात, गर्दी त्यांना टाळ्या वाजवते हे बघून फार बरं वाटतं, आणि आम्ही फोटो काढणाऱ्यांनी त्यांना पळवून लावलं तर ते पाप आमच्या माथी.

मी स्वतः एक करतो, दंगल झाल्यावर पंधरा-वीस फोटोंच्या प्रिंट काढून तालमीत नेऊन देतो, हरलेल्यांच्याही, त्यातही पकडीतल्या, जिथे अजून कुणीच हरलेलं नसतं. बहिणीचा तसा एखादा फोटो त्याच फोटोग्राफरकडे नक्की असेल, खडाखडीतला, मान ताठ असलेला. तो मागून घ्या, मोठा प्रिंट करा आणि तिला द्या. तालमीत परत गेली की मला कळवा.