नाइटच्या आठवड्यात शून्य शब्द

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मशीनवर काम करणाऱ्या २१ वर्षांच्या मुलाचं पत्र आलंय. सिडकोत दोन मित्रांबरोबर खोली करून राहतो, मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो, दुसरं वर्ष. १ जानेवारीला त्याने डायरीच्या पहिल्या पानावर पाच ध्येयं लिहिली. रोज दोन हजार शब्द. वर्षभरात कादंबरी. पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपात. पंचविसाव्या वर्षी नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन. तिशीच्या आत एखादा मोठा पुरस्कार. नवव्या दिवशी लिहिणं थांबलं, ते थांबलंच. ‘मॅडम, माझ्यात लेखक व्हायची कुवत नाही असं समजू का?’ असं त्याने शेवटी विचारलंय. नाव छापू नका म्हणालाय, म्हणून छापत नाही.

प्रिय मित्रा,

डायरीच्या पानाचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. पत्रात तू स्वतःला बरंच झोडपलं आहेस, पण त्या पानावर वेगळंच काही दिसतं. रोजचे शब्द तू कोपऱ्यात मांडून ठेवलेस: ११४०, ९८०, ७१०, ६४०, एक दिवस शून्य, मग ८२०, ५३०, ४६०. मी बेरीज केली. ५२८० होतात. आठ दिवसांत, उभ्याने मशीन चालवून घरी आल्यावर, दोन रूममेट मोबाइलवर व्हिडिओ बघत असताना. सरासरी ६६० पडते. दोन हजारांपुढे हा आकडा तुला भिकार वाटला. मला तो वाटत नाही, आणि लिहिणाऱ्या कुणालाच वाटणार नाही.

आता तुझ्याच धंद्यातलं विचारते. कारखान्याच्या शॉपवर टार्गेट कसं ठरतं? मी इंजिनिअर नव्हे, पण समुपदेशनाला येणाऱ्या तुझ्यासारख्या मुलांकडून इतकं शिकले आहे. आधी एका जॉबचा, म्हणजे मशीनवर घडवायच्या एका भागाचा, सायकल टाइम काढतात: तो पुरा व्हायला किती मिनिटं लागतात ते. आठ तासांतून जेवणाची आणि चहाची सुट्टी वजा करतात. सेटिंगला, टूल बदलायला लागणारा वेळ वेगळा धरतात. समजा हातात ४३० मिनिटं उरली आणि एका जॉबला चार मिनिटं लागली, तर टार्गेट शंभरच्या आसपास लागतं. उद्या कुणी फळ्यावर ‘३००’ लिहिलं तर तू आणि तुझा सुपरवायझर दोघंही हसाल. तू डायरीत नेमकं तेच केलंस. स्वतःचा सायकल टाइम न काढता फळ्यावर ३०० लिहून मोकळा झालास, आणि जॉब कमी पडले म्हणून मशीनच भंगारात काढायला निघालास.

तर आधी सायकल टाइम काढू. तुझ्या तीन शिफ्ट दर आठवड्याला फिरतात. नववा दिवस कोरा का, हे पत्रातच एका ओळीत आलंय, तुझ्या ते लक्षात आलं नसावं: त्या दिवसापासून तुझी नाइट सुरू झाली. नाइटच्या आठवड्यात माणूस सकाळी आठला घरी येतो, पत्र्याखाली उकाड्यात जेमतेम झोपतो, उठतो तेव्हा डोकं जड असतं. त्या आठवड्याचं टार्गेट शून्य ठेव. खरंच शून्य. ते डायरीत आधीच लिहून टाक, म्हणजे कोरी पानं बघून अपराधी वाटणार नाही. अंगात त्राण असेल तर त्या आठवड्यात वाच, नाहीतर लिहिलेल्यावर लाल पेन फिरव. सार्वजनिक वाचनालयाचा सभासद नसशील तर हो. ‘सावाना’ १८४० पासून उभं आहे, तुझ्या तीन शिफ्टही सांभाळून घेईल.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी पाच दिवस तीनशे शब्द, म्हणजे १५००. सेकंडच्या आठवड्यात सकाळ तुझी असते, रूममेट कामावर गेलेले असतात, तिथे चार दिवस चारशे धर, १६००. तीन आठवड्यांचं एक चक्र झालं ३१०० शब्दांचं. ६६० ची सरासरी दिसत असताना मी तीन-चारशेवर आले, कारण पहिल्या आठवड्याची हौस वर्षभर पुरत नाही, हे तुझ्या डायरीतल्या उतरत्या आकड्यांनीच सांगितलंय. वर्षात अशी सतरा चक्रं बसतात. त्यातून परीक्षा, दिवाळी, गावाकडची लग्नं, ओव्हरटाइम, एखादं आजारपण यांची पाच काढ. उरली बारा. बारा चक्रांचे ३७,२०० शब्द.

साठ हजार शब्दांची कादंबरी धरली तर पहिला कच्चा खर्डा व्हायला दीड वर्षाच्या वर लागेल आणि पुनर्लेखन त्यानंतर. कादंबरी लिहू नकोस असं मी म्हणत नाही. पण पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नकोस असं मात्र स्पष्ट म्हणते. तीन हजार शब्दांची एक कथा तुझ्या एका चक्रात बसते. दुसरं चक्र ती पुन्हा लिहायला. म्हणजे वर्षात सहा कथा, पूर्ण झालेल्या. कथा संपवायची सवय सहा वेळा लागेल; अर्धवट कादंबरी उशाशी घेऊन झोपायची सवय एकदा लागली की सुटत नाही. माझ्या ओळखीत अशा चार तरी कादंबऱ्या आहेत.

आता उरलेली ध्येयं. ‘पुस्तक प्रकाशित होणे’, ‘पुरस्कार मिळणे’ ही वाक्यं नीट वाच. दोन्हींत काम करणारा माणूस दुसराच कुणीतरी आहे. प्रकाशक छापणार, परीक्षक निवडणार. इच्छा म्हणून ती खुशाल मनात ठेव, पण डायरीत टार्गेट म्हणून लिहू नकोस. त्या जागी तुझ्या हातातलं लिही: ‘जूनअखेर दोन कथा दोन दिवाळी अंकांना पाठवणे.’ बहुतेक अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते, गणपतीत जाग येऊन उपयोग नसतो. कथा पाठवलीस की ध्येय पुरं झालं, खूण कर. साभार परत आली, किंवा नुसतंच मौन आलं (हल्ली मौनच जास्त येतं), तरी ती खूण खोडायची नाही.

पुरस्काराबद्दल आपल्या गावचंच सांगते. कुसुमाग्रजांचा पहिला संग्रह १९३३ चा आणि ‘विशाखा’ १९४२ चा. मधल्या नऊ वर्षांत त्यांनी सिनेमात काम केलं, वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या. ज्ञानपीठ १९८७ चं, तेव्हा त्यांची पंचाहत्तरी झाली होती. तिशीची अट तुला कुणी घातली?

एका प्रकाशकाने ‘४५ हजार भरा, पुस्तक काढून देतो’ म्हटलं आणि तू भिशीचे पैसे घालायच्या विचारात आहेस, हे वाचून मात्र मी खुर्चीत सावरून बसले. अजिबात भरू नकोस. मी भरले होते. सत्ताविसाव्या वर्षी, कवितांच्या पुस्तकासाठी. पाचशे प्रतींपैकी साडेतीनशे गठ्ठ्यात बांधून रिक्षाने घरी आल्या. त्या पलंगाखाली गेल्या, आणि मग कित्येक वर्षं आमच्या नात्यातल्या प्रत्येक लग्नात पाकिटाबरोबर माझ्या कविता जात राहिल्या. सासूबाई म्हणायच्या, वाटून संपव पण केर नीट काढता येऊ दे. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणं हा गुन्हा नाही, पण मग विक्री, वितरण, गठ्ठे सगळं आपल्याच गळ्यात पडतं, हे पैसे घेणारा आधी सांगत नाही. तुझ्याकडे अजून पुस्तकभर मजकूरही नाही. भिशी राहू दे.

नोकरीचं. साधा हिशोब बघ. अडीचशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के मानधन, एका प्रतीमागे पंचवीस रुपये. पाचशेची आवृत्ती पूर्ण खपली तर साडेबारा हजार, आणि तीही वर्ष-दोन वर्षांत खपली तर नशीब. त्यावर सिडकोतल्या खोलीचं भाडं किती महिने निघेल ते तूच मोज. वसंत कानेटकर इथल्या कॉलेजात शिकवत होते तेव्हाच नाटकं लिहीत होते. पगाराने त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणून ‘पंचविसाव्या वर्षी’ ही तारीख खोड आणि तिथे अट लिही: सलग दोन वर्षं लेखणीच्या कामातून पगाराच्या निम्मे पैसे आले, तर विचार करीन.

लेखणीचं काम म्हणजे फक्त कथा नव्हे. मुद्रितशोधन, अनुवाद, जाहिरातीचा मजकूर, नभोवाणीसाठी संहिता, हे सगळं त्यात येतं. त्यासाठी दोन गोष्टी आत्ताच कर. बी.ए. पूर्ण कर, अभ्यासाचे दिवस लिखाणातून कापून घे, उलट नको. आणि मराठी टायपिंग शीक, युनिकोडमध्ये. वहीचे फोटो संपादकाला पाठवायचे दिवस गेले. शासनाची मराठी ३० शब्द प्रति मिनिट ही संगणक टंकलेखन परीक्षा दिलीस तर कथा टाइप करता येतीलच, शिवाय लिपिकाच्या सरकारी भरतीत ते प्रमाणपत्र लागतं. आईवडिलांना टायपिंग क्लासची फी कशाला हे समजावताना हे दुसरं कारण पुढे कर.

एक राहिलं. तू विचारलंस त्या कुवतीबद्दल. आठ दिवसांच्या आकड्यांवरून मला ते कळणार नाही आणि तुलाही कळणार नाही. पण पत्राच्या तिसऱ्या पानावर, तक्रारीच्या ओघात, तू लिहून गेलास की हात तीनदा साबणाने धुतले तरी डब्यातल्या पोळीला कूलंटचा (मशीन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) वास येतो, आणि सुट्टीला गावी गेल्यावर आईने केलेल्या पोळीला तो येत नाही म्हणून पहिला घास चुकल्यासारखा वाटतो. तिथे मी थांबले, चहा गार झाला. कादंबरीच्या ज्या पंधरा ओळी तू नमुना म्हणून जोडल्यास त्यांत राजवाडा आहे, तलवारी आहेत, पण त्या पोळीसारखं एकही वाक्य नाही.

येत्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात त्या पोळीवर लिहायला बस. चार सकाळी, चारशे-चारशे शब्द. नाइट आली की बाजूला ठेव. फर्स्टला पुन्हा काढून वाच, मग मला पाठव. टाइप करून.