‘आई, तूच कर ना!’

‘मॅडम, हिच्या हाताला काही प्रॉब्लेम आहे का, तेवढं बघाल?’ ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत चपला काढता काढताच त्या बाईंनी विचारलं. मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीतली. आईला विचारूनच हे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि मुलीला आपण चिमी म्हणू.

तक्रार अशी की चिमी मोबाईलवर क्राफ्टचे व्हिडिओ तासन् तास बघते. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, बाटलीचा पेंग्विन, सगळं तोंडपाठ. पुढची काडी कुठे चिकटणार ते ती आधीच सांगते. पण कात्री हातात दिली की एकच वाक्य, ‘आई, तूच कर ना.’ घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या घरात दोन क्राफ्ट किट होती, त्यांचं प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. सोसायटीतल्या बाकीच्या मुली काय काय बनवतात, ग्रुपवर फोटो येतात. ‘आमचीच अशी कशी?’

सुट्टी लागली की हा प्रश्न माझ्याकडे आठवड्याला एकदा तरी येतोच. बहुतेक वेळा त्याला जोडून यादीही मागितली जाते, घरच्या घरी काय करून घेता येईल याची.

हाताची शंका मी झटकून टाकली नाही. सहा-साडेसहाच्या मुलाला शर्टाची बटणं लावता येत नसतील, दोन ओळी लिहून हात दुखत असेल, कात्री धरताच येत नसेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजच्या कामांना लागणाऱ्या हालचालींच्या तज्ज्ञांना, दाखवावं आणि त्यात लाज वाटून घेऊ नये. चिमीने मात्र माझ्यासमोर डब्याचं घट्ट झाकण उघडलं, बुटाच्या लेसची गाठ सोडवली आणि कागदावर काढलेला गोल बऱ्यापैकी कापला. हात ठणठणीत होते.

मग मी एक चूक केली. आईंना दहा गोष्टींची छान टाइप केलेली यादी दिली: भेंडीचे ठसे, काड्यापेटीचा फोन, वर्तमानपत्राच्या होड्या वगैरे. पंधरा दिवसांनी त्या आल्या तेव्हा त्या यादीचं वेळापत्रक झालं होतं. सोमवारी ठसे, मंगळवारी होडी, फ्रिजवर तक्ता, प्रत्येक वस्तूला एक स्टार, पाच स्टारला चॉकलेट. तीन स्टार झाले आणि गाडी थांबली. वर चिमीने विचारलं होतं, ‘आज नाही केलं तर चालेल का? मला चॉकलेट नकोय.’

अमेरिकेत १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मार्कर पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता शेवटी दिलं, काहींना काहीच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी वर्गात तेच पेन नुसते ठेवून दिले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. हे मला पाठ आहे, कार्यशाळांमधून सांगते. तरीही फ्रिजवर तक्ता लागेल अशी यादी मीच हातात ठेवली होती.

तिसऱ्या भेटीत काही शिकवायचं नाही असं ठरवलं. माझ्या खोलीत एक मोठं खोकं असतं. त्यात टूथपेस्टची रिकामी खोकी, जुन्या लग्नपत्रिका, बाटल्यांची बुचं, खराट्याचे हीर, सुतळी, कापडाच्या चिंध्या. पत्रिकांचा कागद तर बाजारातल्या कार्डशीटपेक्षा दणकट. ते खोकं चिमीसमोर ठेवलं, आईंना शेजारी बसवलं आणि मी कोपऱ्यात वही घेऊन बसले.

चिमीने टूथपेस्टचं खोकं उचललं. ‘काय करायचंय?’ तिने मला विचारलं. मी खांदे उडवले. तिने आईकडे बघितलं. मग एक निळं बूच खोक्याला लावून बघितलं, जरा तिरकं. आईंचा हात पुढे आला आणि बूच सरळ झालं. चिमीने दुसरं लावलं. हात पुन्हा आला. वीस मिनिटांत तो अकरा वेळा आला, मी रेघा मारून मोजत होते. पाचव्यानंतर चिमीने स्वतः लावणं सोडून बुचं नुसती आईकडे सरकवायला सुरुवात केली, आणि आठव्याच्या सुमारास ते वाक्य आलंच.

वही दाखवली तेव्हा बाई हसल्या आणि मग गप्प झाल्या. ‘मला कळलंसुद्धा नाही हो.’ कळत नाहीच. मदतीचा हात आपल्याला कधी ढवळाढवळ वाटत नाही.

शाळेच्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रकल्पाचा विषय त्यानंतर निघाला. मागच्या वर्षी आईंनी रात्री एक वाजेपर्यंत जागून पुठ्ठ्याचा, अगदी देखणा कंदील केला होता. पहिलं बक्षीस. फोटोत चिमी कंदील धरून उभी. मी चिमीला म्हटलं, ‘अरे वा, तुला बक्षीस मिळालं!’ ती शांतपणे म्हणाली, ‘ते आईचं आहे.’

बाईंचे डोळे भरले. त्यांना मी दोषी मानत नाही, हे इथेही लिहून ठेवते. दिवसभर नोकरी, ऐरोलीपर्यंतचा रोजचा प्रवास, आणि शाळेतून आदल्या संध्याकाळी निरोप की उद्या प्रकल्प हवा. सहा वर्षांचं पोर एका रात्रीत असा कंदील करू शकत नाही, हे निरोप पाठवणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

उपाय साधा ठरला: आईच्या हातांना दुसरं काम. रोज अर्धा तास चिमीच्या शेजारी बसायचं, पण मेथी निवडायची, शेंगा सोलायच्या. बोलायचं असेल तर मेथीबद्दल. फ्रिजवरचा तक्ता काढून टाकायचा, फोटो नाही, स्टेटस नाही. किट माळ्यावर. ओट्याखाली एक खोकं ठेवून घरातला स्वच्छ टाकाऊ माल त्यात टाकत राहायचं. धाकटा भाऊ दोन वर्षांचा, तेव्हा बटणं, मणी, छोटी बुचं झाकणाच्या डब्यात आणि उंच. ‘आणि तिने काहीच केलं नाही तर?’ तर मेथी निवडून होईल.

पहिले पाच दिवस मेथीच निवडली गेली. चिमी शेजारी लोळली, कुरकुरली, मोबाईल मागितला. सहाव्या दिवशी कळव्याहून आजी आल्या. त्या कापूस घेऊन वाती वळत बसल्या आणि चिमी आपोआप त्यांच्याजवळ सरकली. तिच्या वाती जाड, गाठाळ, शेपटीसारख्या. आजींनी त्या न निवडता आपल्याच डब्यात टाकल्या आणि संध्याकाळी त्यातलीच एक लावली. तडतडली, पण जळली. आजींनी समुपदेशनाचा कोर्स केलेला नाही, नाहीतर माझी फी कमी झाली असती.

तिथून पुढे माझ्याकडे बातम्या येऊ लागल्या. गोंद संपला म्हणून आजींनी खळ शिजवायला घेतली: चमचाभर मैदा, अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. कीड लागू नये म्हणून जुनी माणसं त्यात मोरचूद घालत. ते विषारी, मुलांच्या हाताशी नकोच. खळ दोन दिवसांत आंबते तर आंबू दे, परत करावी.

एकदा कणकेचे प्राणी झाले. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी. सुकून कडक होतात, पण पावसाळ्यात आपल्याकडची हवा मिठात शिरते आणि हत्तीची सोंड मान टाकते. चिमीला त्याचं दुःख झालं नाही, हत्ती ‘झोपला’ होता.

हळदीचं मात्र तिने स्वतः शोधलं. हळदीच्या पाण्याने रंगवलेला पिवळा कागद वाळत होता. भांडी घासून झालेल्या आईच्या साबणाच्या हाताचे थेंब त्यावर पडले आणि तिथे लाल ठिपके उमटले. कुंकू मुळात हळदीपासून करतात, त्यात हीच गंमत, अल्कली, म्हणजे साबण, चुना, सोडा असलं काही लागलं की हळद लाल होते. चिमीने खाण्याच्या सोड्याचं पाणी कापसाच्या बोळ्याने लावून आठ कागद लाल-पिवळे केले. ओटाही. आईंनी फोनवर सांगितलं, ‘मी ओटा पुसला, कागदाला हात नाही लावला.’ हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आता बाबांची पाळी होती. चिमीने टूथपेस्टच्या खोक्याची बस केली, टीएमटीची, म्हणजे ठाण्याची शहर बस, पुढे पाटीवर ‘ठाणे स्टेशन’ लिहून. चाकं म्हणजे खळीने डकवलेली बुचं. बस ढकलली तर फरफटायची. बाबा इंजिनिअर, त्यांना राहवेना, ‘मी आस बसवून देतो.’ आईंनी त्यांच्या हातात शेंगांची परात दिली. चार दिवस बस फरफटली. पाचव्या दिवशी चिमीने विचारलं, ‘रिक्षाचं चाक कशावर फिरतं?’ बाबा तिला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले, नुसतं दाखवायला. वर येऊन तिने खराट्याचा हीर खोक्यातून आरपार घातला. बुचांना भोकं मात्र बाबांनी पाडून दिली. तापलेला खिळा हे मोठ्यांचंच काम, तिथे ‘तूच कर’ बरोबरच आहे. चाकं फिरली, एक सोडून.

यंदा प्रकल्पासाठी चिमीने ती बसच नेली. बक्षीस मिळालं नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. आईंनी मला लगेच फोन केला, आवाजात काळजी. पण चिमीचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता: बस शाळेत ठेवून घेतली होती आणि तिला ती परत हवी होती. कंदील वर्षभर शाळेच्या कपाटात पडून होता, त्याची तिने कधी चौकशी केली नव्हती.

आई रजा टाकून शाळेत गेल्या. बस मिळाली, एक चाक हरवलेलं. घरी आल्यावर चिमीने डब्यातली बुचं धुंडाळली आणि सॉसच्या बाटलीचं लाल झाकण बसवलं, बाकीच्या तिन्हींपेक्षा दुप्पट मोठं. आता बस एका बाजूला कलून, धक्के खात चालते. ‘खराब झाली का गं?’ आजींनी विचारलं.

‘नाही,’ चिमी म्हणाली, ‘घोडबंदरला आली आहे.’