मोबाइलवरचा लग्नाचा व्हिडिओ डीव्हीडीवर टाकला, पण टीव्हीच्या प्लेअरवर लागत नाही. काय करावे?

एमपी४ फाइल नुसती कॉपी केली की बरेच जुने प्लेअर ती वाचत नाहीत. त्यांना एमपेग-२ (डीव्हीडीचा ठरलेला व्हिडिओ प्रकार) लागते, व्हिडिओ_टीएस (VIDEO_TS) या नावाच्या फोल्डरसह. डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर रूपांतर आणि बर्न दोन्ही करते. पाल (PAL, भारतातली टीव्ही पद्धत) निवडा: ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तासांसाठी बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) साधारण ४.५ एमबीपीएस ठेवा. त्याहून लांब व्हिडिओ असेल तर सरळ दुसरी डिस्क घ्या, एकाच डिस्कवर कोंबल्यास चित्र फार फुटते.

आवाज मागेपुढे होत असेल तर कारण मोबाइलचा बदलता फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम). आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून घ्या. बर्न ४एक्स किंवा ८एक्स वेगावर करा. मूळ फाइल मात्र हार्डडिस्कवर जपाच, डीव्हीडीत दर्जा कायमचा उतरतो.