तिशीत आयटीची नोकरी सोडून एअरलाईन पायलट व्हायचंय, इंदूरहून फ्लाईंग स्कूल कसं निवडू?

एकरकमी फी भरू नका. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की दोन स्कूल शॉर्टलिस्ट केलीत, त्यातलं एक पूर्ण फी आत्ताच भरली तर मोठा डिस्काउंट देतंय आणि घरचे म्हणतायत भरून टाक, सीट जाईल. हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसले, कारण अगदी हेच वाक्य मी माझ्या थोरल्या दिरांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यावरून आमच्या घरात जे झालं ते अजून मिटलेलं नाही.

मी पीथमपूरला फार्मा कंपनीत क्वालिटीत होते. लग्न झालेलं, मुलगी लहान, आणि वय तुमच्याएवढंच. नवरा पहिल्या दिवसापासून सोबत होता पण पैशाचे मोठे निर्णय सासरी भाऊजी बघायचे, त्यामुळे स्कूल बघायला तेच माझ्याबरोबर आले. स्कूल दुसऱ्या राज्यातलं, नाव घेत नाही. ब्रोशरमध्ये आठ विमानं. मार्केटिंगवाल्याने आम्हाला एसी क्लासरूम दाखवली, हॉस्टेल दाखवलं, सिम्युलेटरमध्ये बसवलं, आणि युनिफॉर्ममधल्या मुलामुलींच्या फोटोंनी भरलेली एक भिंत होती तिच्यासमोर तो बराच वेळ बोलत राहिला. भाऊजी खूश. मी म्हटलं हँगर दाखवा. तो म्हणाला मॅडम तिकडे परमिशन लागते. व्हेंडर ऑडिटला जाणं हे माझं रोजचं काम होतं, जी खोली दाखवायला टाळाटाळ होते तीच आधी बघायची एवढं मला माहीत होतं, म्हणून मी तिथेच बसून राहिले आणि शेवटी परमिशन मिळाली.

आत एका सेसनाला इंजिनच नव्हतं, नाकाच्या जागी पाईप आणि वायरी लोंबत होत्या, प्रत्येकीला टॅग बांधलेला आणि टॅगवरची शाई उडून गेलेली. दुसऱ्याचे टायर बसलेले आणि पंखावर एवढी धूळ की कुणीतरी त्यात बोटाने स्वतःचं नाव लिहून ठेवलेलं. आणखी दोन कव्हर घालून कोपऱ्यात. उडणारी किती म्हणून विचारलं तर उत्तर आलं की सगळी एअरवर्दी आहेत, फक्त पार्ट यायचेत.

बाहेर गेटसमोर चहाच्या टपरीवर स्टुडंट बसलेले होते. सकाळची वेळ, आकाश स्वच्छ, वारा नाही, उडायला यापेक्षा चांगला दिवस नाही आणि ही मुलं टपरीवर. त्यातल्या एकाने मला त्याची लॉगबुक दाखवली. दिवाळीच्या आधीची एक एंट्री आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीवर होळीच्या आठवड्यातली. मध्ये काहीच नाही. त्याने पूर्ण फी एकदम भरली होती.

परतीच्या गाडीत भाऊजी म्हणाले, पोरं आळशी असतात, स्कूलचं नाव मोठं आहे, डिस्काउंट सोडू नकोस. मी नाही म्हटलं. ते म्हणाले तुला काय कळतं विमानातलं. मला विमानातलं तेव्हा खरंच काही कळत नव्हतं पण रेकॉर्ड वाचता येत होतं, आणि त्या लॉगबुकात सगळं लिहिलेलं होतं. पैसे भरले नाहीत. त्यानंतर चांगलं स्कूल शोधून तिथे नंबर लागेपर्यंत बराच काळ गेला, त्यावरून भाऊजी आजही कुठल्याही कार्यात चार लोकांत म्हणतात की हिने हट्टापायी वर्ष घालवलं. मी आज ए320 या प्रवासी विमानाच्या उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट आहे. त्या टपरीवरच्या मुलाने उरलेले तास दुसरीकडे पुन्हा पैसे भरून केले आणि पहिल्या स्कूलकडचे त्याचे पैसे अजून अडकलेत. वर्ष कुणाचं गेलं?

आता तुमचा प्रश्न. सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, 200 तास उडावं लागतं हे तुम्हाला माहीत असेलच. स्कूलला विचारा आज उडणारी विमानं किती आणि लायसन्स न झालेले स्टुडंट किती, आणि स्वतः गणित करा. समजा विमानं चार, आणि एक विमान महिन्याला 60 तास देतं असं धरा, म्हणजे सगळी मिळून 240. स्टुडंट 40 असतील तर त्यांना एकूण 8000 तास पाहिजेत. भागाकार केला तर जवळजवळ तीन वर्षं येतात, आणि यात पावसाळा धरलेलाच नाही, 100 तासांचं इन्स्पेक्शन आलं की विमान हँगरात जातं तेही नाही, एव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) आलं नाही म्हणून सगळं बंद तेही नाही. जो काउन्सेलर तुम्हाला सहा-आठ महिन्यांत लायसन्स म्हणतो त्याला हाच भागाकार समोर बसून करायला लावा.

इन्स्ट्रक्टर किती आणि कोणत्या रेटिंगचे तेही बघा. नुसते असिस्टंट इन्स्ट्रक्टर असतील तर पहिल्या सोलोला, म्हणजे स्टुडंटला एकट्याने उडायला, सोडायचा अधिकार त्यांना नसतो, मग सीएफआय (चीफ फ्लाईट इन्स्ट्रक्टर) रजेवर गेला की सगळे थांबलेले. मल्टी-इंजिन विमान एकच असेल तर ते शेवटचं कधी उडालं ते विचारा, कारण पुष्कळ लोक सिंगल-इंजिनचे तास संपवून त्या एका विमानासाठी महिनोन्महिने बसून असतात.

एअरपोर्टचाही विचार करा, हे कुणी सांगत नाही. आपण इंदूरचे लोक बिजासन टेकरीवरून विमानं बघत मोठे झालो म्हणून वाटतं मोठा एअरपोर्ट म्हणजे भारी. पण शेड्यूल्ड फ्लाईट जिथे सारख्या येतात तिथे तुम्ही छोट्या विमानात होल्डिंग पॉइंटला, धावपट्टीच्या तोंडाशी, इंजिन चालू ठेवून थांबता, आणि तास चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून परत जागेवर थांबेपर्यंत मोजतात, म्हणजे थांबल्याचेही पैसे तुमचेच. उलट अशा ठिकाणी एटीसीशी (एअर ट्रॅफिक कंट्रोलशी) बोलायची भीती लवकर जाते, एअरलाईनमध्ये ते फार उपयोगी पडतं. मला विचाराल तर सर्किट (धावपट्टीभोवतीच्या सरावाच्या फेऱ्या) शांत फील्डवर आणि नंतरचे क्रॉस कंट्री (दुसऱ्या गावापर्यंतची उड्डाणं) मोठ्या एअरपोर्टना.

डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, ऑक्टोबर 2025 पासून फ्लाईंग स्कूलना ग्रेड देतंय, वर्षातून दोनदा. पहिल्या यादीत 35 स्कूल होती, ए प्लस प्लस किंवा ए प्लस एकालाही नाही, 13 ए मध्ये आणि बाकीची 22 बी मध्ये. तुमची दोन्ही कुठे आहेत बघा. पण ग्रेड चांगली म्हणून हँगर न बघता पैसे भरले असं करू नका, यादी ऑफिसात बनते आणि विमान धावपट्टीवरून उडतं.

परदेशाचं विचारलंय. अमेरिकेत हवामान आणि विमानं दोन्ही मिळतात, तास खरंच लवकर होतात. पण परत आल्यावर कन्व्हर्जन, म्हणजे तिकडचं लायसन्स इथल्यात बदलून घेणं असतं, डीजीसीएचे पेपर द्यावेच लागतात, आणि खर्च डॉलरमध्ये. पेपर आधी इथे काढून मग जाणाऱ्यांचं बरं झालेलं मी बघितलंय. पेपर बाकी ठेवून गेलेले इथे येऊन अडकतात.

आणि हो, हे खरं तर वर लिहायला हवं होतं, क्लास 1 मेडिकल (कमर्शियल पायलटला लागणारं वैद्यकीय सर्टिफिकेट) हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. तिशीत शुगर, बीपी, डोळे, काहीही निघू शकतं. लायसन्सनंतर टाईप रेटिंगचा, म्हणजे एअरलाईनच्या ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगचा, खर्च वेगळा असतो आणि तो लाखांत असतो, तोही लोनच्या हिशोबात आत्ताच धरा. लायसन्स मिळालं की नोकरी लगेच मिळते असंही नाही, माझ्याबरोबरचे काही चांगले फ्लायर बरेच दिवस घरी बसले होते, त्यामुळे घरखर्चाचे पैसे वेगळे बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका.

त्या डिस्काउंटवाल्या स्कूलला आजच ईमेल करा: फी हप्त्यात घ्याल का, उडालेल्या तासांनुसार घ्याल का, मध्येच सोडलं तर न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत कराल. फोनवरचं उत्तर धरू नका, लेखी मागा. आणि घरचे आता तुम्हालाही हट्टी म्हणतील, तर म्हणू द्या.