तैलरंगात वस्तू अगदी खऱ्या वाटाव्यात यासाठी कोणते ब्रश आणि रंग घ्यावेत?

ब्रशचं नंतर. आधी चित्र कुठल्या भिंतीवर लागणार ते ठरवा.

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारातल्या जुन्या घरातली. आजोबा गेल्यावर त्यांची खुंटी रंगवायला घेतली: किल्ल्यांचा जुडगा, चष्मा, दोरीत अडकवलेलं पोस्टकार्ड. सगळं मूळ मापाचं, कडेला काहीही न कापता. टोपीही होती, पण ती भिंतीपासून फार पुढे येते. बघणारा दोन पावलं सरकला की फसवणूक उघडी पडते, म्हणून टोपी गाळली. तीन महिने खिडकीशी बसून रंगवलं, उजेड डावीकडून. आणि लावलं ओसरीत, जिथे दार उजवीकडे! शेजारच्या खऱ्या खिळ्याची सावली डावीकडे, माझ्या किल्लीची उजवीकडे. काका म्हणाले, “त्यापेक्षा फोटो लावायचास.”

ते फार लागलं. सगळ्या सावल्या खरवडल्या, चष्म्यावरची चकाकीसुद्धा हलवली आणि उरलेलं काम ओसरीतच बसून केलं. फोटोत खिडकीचाच उजेड राहिला असता. माझी सावली त्या भिंतीची आहे. याला नक्कल म्हणणाऱ्यांशी माझं आजही पटत नाही. फत्तेसिंग संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांपुढे हेच काका तासभर उभे राहतात; तिथे साडीची जरतार खरी वाटते ती कला, आणि माझी किल्ली खरी वाटली की कारागिरी? १६७० च्या सुमारास गाइसब्रेख्ट्स या फ्लेमिश चित्रकाराने चौकटीतल्या चित्राची नुसती मागची बाजू रंगवली. ते चित्र कोपनहेगनला आहे. बघणाऱ्याला ते उलटून पाहावंसं वाटावं, एवढाच त्याचा विषय. त्याला विचार लागतो.

ब्रश म्हणाल तर शेवटच्या हाताला मऊ केसांचा सेबल. कॅनव्हासची वीण दिसते, म्हणून प्लायवर जेसो, म्हणजे रंगाखालचं पांढरं अस्तर, देऊन घासून घ्या. सावलीत काळा नको. रॉ अंबर हा तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळून पातळ लावा. वस्तू भिंतीला टेकते तिथे सावलीची कड धारदार, लांब जाईल तशी विरघळत न्या. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, तेव्हा घाईने थरावर थर चढवू नका.

एक मात्र आहे. रात्री ओसरीतली ट्यूबलाइट लागली की माझ्या सावल्या पुन्हा चुकतात. त्याला इलाज सापडलेला नाही, म्हणून ते चित्र मी दिवसाच दाखवते.