मंदीच्या काळात परदेशी पुरवठादाराला वाढीव ॲडव्हान्स द्यावा का?

आपण विचारले आहे की, बेळगावातील आपल्या कारखान्यासाठी आपण जर्मनीतून हायड्रॉलिक व्हॉल्व्ह मागवता आणि तिथला पुरवठादार तीस टक्क्यांऐवजी आता निम्मी रक्कम आगाऊ मागतो आहे, तर ती द्यावी का. बेळगावच्याच उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याची खरेदी मी बरीच वर्षे सांभाळली आहे. माझे मत असे की, त्याच्या बँकेची हमी, म्हणजे माल आला नाही तर ॲडव्हान्स ती बँक परत देईल असे लेखी वचन, मिळाल्याशिवाय देऊ नये. जुना पुरवठादार मंदीत अचानक जास्त ॲडव्हान्स मागू लागला, तर त्याची बँक त्याला हात आखडून पैसे देत असण्याची शक्यता धरून चालावे.

हमी मिळाली, तरी तिच्या मुदतीकडे लक्ष असू द्यावे. आम्ही तिथेच फसलो. 2009 साली आमच्या पुरवठादाराने माल दोन महिने उशिरा येईल असे कळवले, आम्ही ऑर्डरची तारीख वाढवून दिली, पण हमीची मुदत वाढवून घेण्याचे कोणाच्याच ध्यानात आले नाही. हमी संपली आणि काही आठवड्यांत त्या कंपनीने नादारीचा अर्ज केला. जर्मन कायद्यानुसार देणी भागवता येईनाशी झाल्यावर संचालकांना जास्तीत जास्त तीन आठवड्यांत न्यायालयात अर्ज करावा लागतो, त्यामुळे बातमी आपल्यापर्यंत येते तेव्हा हालचालीला वेळ उरलेला नसतो. पुढे न्यायालयाने नेमलेला प्रशासक अपुरे करार पुरे करायचे की सोडून द्यायचे हे ठरवतो. त्याने आमचा करार सोडला आणि आमचा ॲडव्हान्स तारण नसलेल्या घेणेकऱ्यांच्या रांगेत गेला.

ॲडव्हान्सऐवजी एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेचे पतपत्र) दिले तर पैसे वाचतात, माल मिळत नाही. बँक माल रवाना झाल्याची कागदपत्रे पाहूनच पैसे देते, त्यामुळे माल जहाजावर चढण्याआधी कंपनी बुडाली तर रक्कम आपल्याकडेच राहते. पण आपल्या ग्राहकाला तयार माल वेळेवर द्यायचा असतो, त्याचे काय?

ॲडव्हान्सपेक्षाही आमचा जीव अडकला होता तो कास्टिंगच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा करतात त्या नमुन्यात. तो आमच्या पैशांनी बनला होता आणि त्यांच्या शेडमध्ये पडून होता. दुसऱ्याची वस्तू प्रशासकाला परत करावी लागते, पण ती आपलीच आहे हे आपण सिद्ध करायचे असते. आमच्याकडे बिल होते, पॅटर्नवर नावाची पट्टी नव्हती आणि करारात मालकीचे कलमही नव्हते. पत्रव्यवहारात सात महिने गेले. तेवढ्या काळात कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील एका फाउंड्रीकडून ड्रॉइंगवरून नवा पॅटर्न करून घेतला. महाग पडला, पण तेव्हापासून प्रत्येक महत्त्वाच्या भागाचे मंजूर नमुना-कास्टिंग कोल्हापूर किंवा बेळगावात तयार ठेवण्याची पद्धत आम्ही पाडली.

आपल्या पुरवठादाराला निम्म्या रकमेवर बँक हमी मागून पाहा. त्याच्या बँकेनेच ती द्यायला नकार दिला, तर जुन्या ताळेबंदात जे दिसणार नाही ते आपल्याला त्या नकारातून कळेल.