सडा पडीक नाही, हे कागदावर कसे आणावे?

प्रश्न : आमची वाडी राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी आहे. सड्यावर मोठा प्रकल्प प्रस्तावित असून पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाच्या मराठी सारांशात त्या जागेचे वर्णन ‘खडकाळ, पडीक जमीन’ एवढेच केले आहे. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला आहे. परंतु सुनावणीला गेल्यास आमची संमती गृहीत धरली जाईल, म्हणून बहिष्कार घालावा, असे काही ग्रामस्थांचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : बहिष्कारामागची चीड मी समजू शकतो, तरीही तो घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाबाबतच्या १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत जनसुनावणीसाठी गणसंख्येची, म्हणजे किमान उपस्थितीची, अट नाही. मंडप रिकामा राहिला तरी सुनावणी झाली असेच धरले जाते आणि इतिवृत्तात तुमच्या वाडीचा एकही शब्द येत नाही. उपस्थित राहणे म्हणजे संमती देणे, असे मात्र तीत कुठेही म्हटलेले नाही. ठराव अवश्य जोडा, पण केवळ त्यावर विसंबू नका. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील प्रस्तावित खाणीच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांचा कौल घ्यायला लावला, तो वनहक्क कायद्याच्या आधारे. खासगी सातबाऱ्यावरच्या सड्याला तो आधार तसाच्या तसा मिळत नाही.

सुनावणी हे मतदान नव्हे. त्या टप्प्यावर अहवाल मसुद्याच्या स्वरूपात असतो आणि लोकांनी मांडलेल्या पर्यावरणविषयक मुद्द्यांची दखल प्रकल्पकर्त्याला अंतिम अहवालात घ्यावी लागते. म्हणून विरोध नोंदवताना कोणत्या पानावरचे कोणते विधान का चुकीचे आहे, हे लिहून द्या. सारांशावर न थांबता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत ठेवलेला पूर्ण मसुदा पाहा.

तुमच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक ‘पडीक’ या शब्दातच आहे. सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलेली जमीन लागवडीला अयोग्य असते, निरुपयोगी नव्हे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी सड्यात मुरते, खालच्या चिकणमातीच्या थराशी अडते आणि उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यावरच पायथ्याच्या विहिरी, भाताचे कोपरे आणि आंब्याची कलमे तगतात. श्रावण-भाद्रपदात तिथे गेंद आणि सीतेची आसवे फुलतात, गुरांना चारा मिळतो. तुमच्याच तालुक्यातील बारसू, कशेळी आणि देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे, म्हणजे सड्यावर कोरलेली प्राचीन चित्रे, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आहेत. अशा जागेला पडीक म्हणताना लिहिणाऱ्याचा हात अडखळायला हवा होता.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वाडीत एका आजींनी मला विहिरीवर नेले होते. चैत्रात पाणी सातव्या पायरीला, वैशाख सरताना नवव्या पायरीला, आणि बाजूच्या सड्यावर चिऱ्याची खाण निघाल्यापासून त्याच दिवसांत तळ दिसतो, हे त्यांनी एकेक पायरी बोटाने दाखवत सांगितले. त्यांचे म्हणणे कोणत्याही अहवालात नव्हते, कारण कोणी ते लिहूनच घेतले नव्हते. तुम्ही आजपासून प्रत्येक विहीर, झरा आणि वहाळ यांची नोंद करा: पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, किती घरे तिथून पाणी भरतात, आज पातळी किती आहे. तारखेसह छायाचित्रे काढा, जाणत्या माणसांच्या सह्या घ्या. मुंबईकर मंडळींची नावे सातबाऱ्यावर असतील तर त्यांनीही स्वतंत्र लेखी हरकती पाठवाव्यात. सर्व निवेदने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मुदतीत देऊन पोच घ्या.

सूचना वृत्तपत्रांत किमान ३० दिवस आधी आली होती का, हेही तपासा. पुढे पर्यावरण मंजुरी दिली गेली, तर राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास लवाद आणखी ६० दिवसांपर्यंतचा विलंब माफ करू शकतो. त्या वेळी हीच निवेदने आणि पोचपावत्या कामी येतात.

सुनावणीच्या दिवशी भाषण झाल्यावर घरी निघू नका. कामकाजाचा गोषवारा शेवटी स्थानिक भाषेत समजावून सांगणे आणि त्यावर त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही होणे बंधनकारक आहे. शेवटची एसटी चुकली तरी चालेल, पण तुमच्या विहिरी त्यात आल्या आहेत का हे ऐका, आणि राहिल्या असतील तर सही होण्याआधी तिथेच सांगा.